वाचक विचारतात : पोटाच्या चरबीतला बारीक दाह

मागील अंकात सीआरपी या रक्ततपासणीवर एक छोटी टीप आली होती. शरीरात कुठे दाह (इन्फ्लमेशन, म्हणजे संसर्ग किंवा इजा झाल्यावर प्रतिकारसंस्था देते तो प्रतिसाद) चालू असला की यकृत जे प्रथिन रक्तात सोडते ते सीआरपी. कोणताही संसर्ग नसताना लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात हे प्रथिन किंचित वाढलेले आढळते, असे एक वाक्य त्या टिपेत होते. त्याचे कारण मात्र जागेअभावी देता आले नव्हते. त्या वाक्यावर कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या नावांऐवजी केवळ गावाचा किंवा पेठेचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : माझे वय ४६. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत तालमीत होतो. पुढे जोर-बैठका सुटल्या, पण खुराक सुटला नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचे धारोष्ण दूध आजही रोजचे आहे. उंची ५ फूट ८ इंच, वजन १०४ किलो, कंबर ४४ इंच. गेल्या महिन्यात साखर वाढल्याचे समजले आणि सीआरपी ५.८ आला. ताप नाही, खोकला नाही, कुठे जखम नाही. डॉक्टर म्हणाले, "चरबीत बारीक दाह चालू आहे." चरबीचे आणि प्रतिकारशक्तीचे काय देणेघेणे? — एक जुना पैलवान, मंगळवार पेठ

उत्तर : देणेघेणे फार जवळचे आहे. चरबीच्या थरात, म्हणजे मेदऊतीत, मेदपेशींखेरीज रक्तवाहिन्या असतात, चेतातंतू असतात आणि प्रतिकारसंस्थेच्या पेशींची कायमची वस्तीही असते. सडपातळ माणसाच्या मेदऊतीतही मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मृत पेशी गिळणाऱ्या भक्षक पेशी, असतातच. त्यांच्या सोबतीला इओसिनोफिल, नियामक टी-पेशी आणि आणखी काही प्रकारच्या पेशी असतात. या पेशी एकमेकींना जे निरोप देतात ते प्रथिनांच्या रूपात, आणि या निरोप्या प्रथिनांना सायटोकाईन म्हणतात. इंटरल्यूकिन-४, इंटरल्यूकिन-१३ आणि इंटरल्यूकिन-१० ही त्यांतील शांतता राखणारी मंडळी होत. उंदरांवरील अभ्यासात असे दिसले आहे की सडपातळ उंदराच्या पोटातील चरबीत सीडी-४ जातीच्या टी-पेशींपैकी निम्म्याच्या आसपास पेशी नियामक, म्हणजे इतरांना आवरून धरणाऱ्या, असतात. शरीरात अन्यत्र कुठे त्यांचे प्रमाण सहसा इतके नसते. याशिवाय मेदपेशी स्वतः ॲडिपोनेक्टिन नावाचे एक प्रथिन स्रवतात. ते इन्सुलिनचे काम सुकर करते आणि दाह दाबून ठेवते. विचित्र भाग असा की चरबी वाढली की चरबीनेच तयार केलेले हे प्रथिन रक्तात घटते.

आता आपल्या खुराकाकडे येऊ. तालमीत असताना तो अंगी लागत होता, कारण पहाटेच्या मेहनतीत त्याचा खर्च होत होता. मेहनत थांबल्यावर उरलेली ऊर्जा मेदपेशींत जमा होऊ लागली. प्रौढ वयात मेदपेशींची एकूण संख्या बव्हंशी स्थिर राहते आणि दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरून त्यांच्या जागी नव्या येतात, हे २००८ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले. त्यासाठी त्यांनी वापरलेली युक्ती सांगण्याजोगी आहे : शीतयुद्धाच्या काळातील अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ त्या त्या वर्षी जन्मलेल्या पेशींच्या डीएनएमध्ये शिरला होता आणि त्याच्या प्रमाणावरून पेशीचे वय काढता आले. आपल्या दृष्टीने मुद्दा असा की चाळिशीत वजन वाढते तेव्हा असलेल्या पेशीच मुख्यतः फुगतात. फुगलेल्या पेशीचा व्यास १०० मायक्रोमीटरच्या बराच पुढे जातो, आणि रक्तवाहिनीतून बाहेर पडलेला प्राणवायू ऊतीत साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत नीट पोहोचतो. पेशीला प्राणवायू अपुरा पडतो, तिच्या आतील प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो, आणि अशी त्रासलेली पेशी एमसीपी-१ नावाचे प्रथिन सोडून रक्तातील मोनोसाईट या पांढऱ्या पेशींना बोलावून घेते. त्या ऊतीत शिरतात आणि त्यांचे मॅक्रोफेज बनतात.

हे बोलावणे किती मोठ्या प्रमाणावर चालते, हे २००३ साली दोन स्वतंत्र गटांनी एकाच वेळी प्रसिद्ध केले. त्यांपैकी एका गटाच्या अंदाजानुसार सडपातळ माणसाच्या मेदऊतीत मॅक्रोफेज १० टक्क्यांहून कमी असतात, लठ्ठ माणसांत ते ४० टक्क्यांच्या जवळ जातात, आणि अतिलठ्ठ उंदरांत तर निम्म्याहून अधिक पेशी याच असतात. प्रयोगशाळेत काचपट्टीवर पोटातील चरबीचा काप पाहिला की हे डोळ्यांनी दिसते. ऊतीवर प्रक्रिया होताना चरबी विरघळून जाते, त्यामुळे मेदपेशी रिकाम्या पांढऱ्या खणांसारख्या दिसतात आणि त्यांचे केंद्रक कडेला चिकटून बसलेले असते. निरोगी ऊतीत हे खण एकसारखे असतात. लठ्ठ व्यक्तीच्या कापात मात्र लहानमोठे खण सरमिसळ दिसतात आणि मध्येच एखाद्या खणाभोवती गडद ठिपक्यांचे कडे असते. तो खण म्हणजे मेलेली मेदपेशी आणि ते कडे म्हणजे तिच्याभोवती जमलेले मॅक्रोफेज. या रचनेला मुकुटाकार रचना असे नाव पडले आहे. पेशी मेली तरी तिच्यातील तेलाचा थेंब एका घासात संपण्यासारखा नसतो. म्हणून हे कडे दीर्घकाळ तिथेच राहते, आणि काम संपत नाही तोवर त्या पेशींचे निरोपही थांबत नाहीत.

हे निरोप म्हणजेच आपल्या डॉक्टरांनी म्हटलेला बारीक दाह. त्यात टीएनएफ-अल्फा हे प्रथिन प्रमुख आहे. कर्करोगाच्या गाठी नष्ट करणारा घटक म्हणून ते १९७५ साली पुढे आले, त्यानंतर दीर्घ आजारात माणसाला वाळवणारे प्रथिन म्हणून ओळखले गेले, आणि १९९३ साली गोखान होतामिश्लिगिल व ब्रूस स्पीगलमन यांच्या चमूला तेच प्रथिन लठ्ठ उंदरांच्या चरबीत भरपूर सापडले. वाळवण्यासाठी बदनाम झालेले प्रथिन लठ्ठांच्या चरबीत काय करते आहे, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला असणार. ते मेदपेशीच्या आत जेएनके आणि आयकेके या विकरांना (एन्झाइमना) जागे करते. ही विकरे इन्सुलिनचा निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनावर भलत्याच जागी फॉस्फेट बसवतात आणि निरोप अडतो. इन्सुलिनचे ऐकू न येणारी मेदपेशी साठवलेली चरबी धरून ठेवत नाही. ती सुटून यकृतात आणि स्नायूंत जाते व तिथेही इन्सुलिनचा प्रभाव कमी करते. मॅक्रोफेजमधून येणारे इंटरल्यूकिन-१ बीटा हे प्रथिन स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना अपाय करते. इंटरल्यूकिन-६ यकृताला सीआरपी तयार करण्याची सूचना देते, आणि विश्रांतीच्या वेळी रक्तात असलेल्या इंटरल्यूकिन-६ पैकी साधारण एक तृतीयांश चरबीतूनच येते. आपला ५.८ हा आकडा कोणत्याही जखमेविना कसा आला, त्याचे बहुधा हेच उत्तर आहे.

आपली वाढलेली साखर आणि हा आकडा वेगवेगळ्या तक्रारी समजू नयेत. खुराकातील दूध, तूप आणि बदाम यांत विष नाही. परंतु अठरा वर्षांपूर्वीच्या मेहनतीला बेतलेला खुराक आज कोणत्या हिशेबाने चालू आहे, हा विचार आपल्यालाच करावा लागेल. साखरेसाठी दिलेली औषधे नियमित घ्यावीत आणि कंबरेचे माप दर महिन्याला वहीत लिहून ठेवावे.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, वय ३८. उंची १५५ सेंटिमीटर, वजन फक्त ५६ किलो. मला कोणी लठ्ठ म्हणत नाही. तरी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघाले आणि तपासणाऱ्या बाईंनी कंबर ८६ सेंटिमीटर असल्याचे सांगितले. हा दाह लठ्ठांना होतो ना? — एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आपला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, २३.३ येतो. युरोपीय मापाने तो निर्धोक, पण भारतीयांसाठी २३ पासूनच वजन जास्त धरतात आणि २५ पासून लठ्ठपणा. कंबरेची मर्यादा आपल्याकडे स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आहे. आपल्या बाबतीत वजनापेक्षा कंबर अधिक खरे बोलते आहे.

या विषयावरचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्यातले आहे. २००४ साली डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे छायाचित्र छापले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सदरा घातलेला असताना दोघांत हा फरक ओळखणे कठीण.

त्वचेखालची चरबी ही तुलनेने सुरक्षित साठवण असते आणि तिची क्षमता माणसागणिक वेगळी असते. कारखान्याचे गोदाम लहान असले म्हणून हंगामात साखर पडायची थांबत नाही. ती मग जागा मिळेल तिथे रचली जाते. त्वचेखालची जागा लवकर भरली की चरबी आतड्यांभोवती आणि यकृतात जाते, आणि पोटातील या चरबीतून सुटलेले मेदाम्ल व दाहक प्रथिने यकृताकडे जाणाऱ्या शिरेत थेट उतरतात. म्हणून ५६ किलो वजनाच्या माणसाच्या यकृतातही तेच घडू शकते जे १०४ किलोच्या माणसाच्या यकृतात घडते. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सर्वसाधारण लठ्ठपणा २८.६ टक्के प्रौढांत आढळला, तर पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्क्यांत. या दोन आकड्यांमधल्या फटीत आपल्यासारख्या पुष्कळ व्यक्ती आहेत आणि वजनकाट्यावर विसंबल्यामुळे त्यांची तपासणी उशिरा होते, अशी माझी तक्रार आहे. रक्तातील साखर आणि चरबी या दोन्ही तपासण्या या महिन्यातच करून घ्याव्यात.

प्रश्न : रोज रात्री हळद घातलेले दूध घेतल्यास हा दाह जाईल का? — एक वाचक, कागल

उत्तर : हळदीतील कुर्क्युमिन प्रयोगशाळेतील पेशींवर दाहविरोधी परिणाम दाखवते, परंतु तोंडाने घेतल्यावर त्याचा अत्यल्प भाग रक्तात पोहोचतो. दूध आवडत असेल तर जरूर घ्यावे. साखर मात्र घालू नये आणि त्याला औषध समजू नये.

प्रश्न : मी औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी आहे. संधिवाताच्या रुग्णांना टीएनएफ रोखणारी इंजेक्शने देतात. मग हेच इंजेक्शन देऊन लठ्ठ माणसाचा मधुमेह का बरा करत नाहीत? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : प्रश्न अगदी नेमका आहे आणि तो संशोधकांनाही लगेच पडला होता. उंदरांत टीएनएफ अडवल्यावर इन्सुलिनचा प्रभाव सुधारला होता, तेव्हा माणसांतही तसेच होईल अशी अपेक्षा होती. १९९६ पासून लठ्ठ मधुमेहींवर झालेल्या छोट्या चाचण्यांत मात्र निराशा पदरी पडली. टीएनएफ अडवूनही इन्सुलिनचा प्रभाव लक्षणीय सुधारला नाही. संधिवाताच्या काही रुग्णांत ही औषधे घेताना इन्सुलिनचा प्रभाव सुधारल्याचे आढळते, पण त्यांच्यात दाहाची पातळी मुळातच पुष्कळ वरची असते.

इंटरल्यूकिन-१ ची कहाणी थोडी निराळी आहे. शरीर स्वतःच या प्रथिनाला लगाम घालणारे एक प्रथिन बनवते, जे त्याच्या ग्राहकावर, म्हणजे पेशीवर त्याचा निरोप स्वीकारणाऱ्या रिसेप्टरवर, जाऊन बसते आणि जागा अडवून ठेवते. त्याचेच औषधी रूप म्हणजे ॲनाकिन्रा. २००७ साली ७० मधुमेहींवरील चाचणीत १३ आठवड्यांनंतर ॲनाकिन्रा घेणाऱ्यांचे एचबीए१सी (मागील सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारे) प्रमाण तुलना गटापेक्षा ०.४६ टक्केबिंदूंनी खाली आले. सुधारणा झाली ती स्वादुपिंडाच्या इन्सुलिन स्रवण्यात. ऊतींवरील इन्सुलिनच्या प्रभावात बदल दिसला नाही. त्यानंतर २०१७ साली कँटोस ही मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या १०,०६१ रुग्णांवर इंटरल्यूकिन-१ बीटा अडवणारे कॅनाकिनुमॅब वापरले गेले. दीडशे मिलिग्रॅमच्या मात्रेवर हृदयाच्या गंभीर घटना १५ टक्क्यांनी घटल्या, म्हणजे दाह हा केवळ साक्षीदार नसून आजारात त्याचा हात असतो हे सिद्ध झाले. पण प्राणघातक संसर्ग वाढले, आणि नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण कमी झाले नाही. जे प्रथिन चरबीत उपद्रव करते तेच फुप्फुसात न्यूमोनियाशी लढते, ही यातील अडचण आहे.

आणखी एक गोष्ट विद्यार्थी म्हणून लक्षात ठेवावी. शरीर दाहाला आवर घालण्यासाठी पेशीच्या आत एसओसीएस-३ सारखी प्रथिने तयार करते. ती सायटोकाईनचा निरोप थांबवतात. पण इन्सुलिन आणि भूक आवरणारे लेप्टिन यांचे निरोप ज्या साखळ्यांतून जातात त्यांतही ती आडवी येतात. लगामच गाडी अडवतो. उलट दिशेने पाहिले तर २०१४ साली फिलिप शेरर यांच्या प्रयोगशाळेने असे उंदीर तयार केले ज्यांच्या चरबीत दाहाचा प्रतिसादच नीट उमटत नव्हता. ते अधिक सुदृढ निघायला हवे होते. प्रत्यक्षात भरपूर स्निग्ध आहार दिल्यावर त्यांची चरबी व्यवस्थित वाढू शकली नाही, ती यकृतात साठली आणि साखरेचे नियंत्रण बिघडले. मेदऊतीला वाढताना जुनी चौकट मोडून नवी बांधावी लागते, मेलेल्या पेशी हलवाव्या लागतात, नव्या रक्तवाहिन्या आणाव्या लागतात, आणि या सगळ्या कामाला थोडा, वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपणारा दाह लागतो. माझ्या मते या विषयाचा गाभा हाच आहे : एखाद्या प्रथिनाला चांगले किंवा वाईट ठरवण्यापेक्षा ते कुठे, किती आणि किती काळ स्रवते हे पाहिले पाहिजे. पेशींवरचा भार तसाच ठेवून एकेक प्रथिन अडवत बसण्यात फारसे हाती लागलेले नाही.

प्रश्न : लायपोसक्शन करून चरबीच काढून टाकली तर दाहाचे मूळच जाईल, असे एका जाहिरातीत वाचले. खरे आहे का? — एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : हा प्रयोग प्रत्यक्ष झालेला आहे. २००४ साली अमेरिकेत १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरील त्वचेखालची सुमारे १० किलो चरबी अशा प्रकारे काढण्यात आली. दहा ते बारा आठवड्यांनी तपासले तेव्हा इन्सुलिनचा प्रभाव, रक्तदाब, सीआरपी, टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ यांपैकी कशातही लक्षणीय फरक पडला नव्हता. दहा किलो आहाराने आणि हालचालीने कमी केले असते तर यांतील बरेच आकडे बदलले असते. कारण उघड आहे : नळीने त्वचेखालच्या काही पेशी निघतात, परंतु आतड्यांभोवतीची आणि यकृतातील चरबी जागच्या जागी राहते आणि उरलेल्या मेदपेशी होत्या तितक्याच फुगलेल्या असतात. शरीराचा आकार बदलण्यासाठी ही शस्त्रक्रिया कोणाला करून घ्यायची असेल तर तो वेगळा विषय आहे. मधुमेह टाळण्यासाठी तिच्यावर पैसे घालवू नयेत.

प्रश्न : सहा महिने रोज पहाटे रंकाळ्यावर भरभर चालतो. वजन जेमतेम २ किलो उतरले. घरचे हसतात. शिवाय व्यायामानेही इंटरल्यूकिन-६ वाढते असे वाचले, मग दाह वाढतच असेल ना? — एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : घरच्यांना हसू द्यावे, पण त्यांना मोजपट्टी घेऊन बोलवावे. चालण्याने वजनाआधी कंबर उतरते, कारण पोटाच्या आतील चरबी हालचालीला अधिक लवकर दाद देते.

आपली दुसरी शंका महत्त्वाची आहे. डेन्मार्कमधील बेंटे पेडरसन यांच्या गटाने दाखवले की काम करणारा स्नायू स्वतःच इंटरल्यूकिन-६ रक्तात सोडतो. मॅरेथॉनसारख्या दीर्घ श्रमानंतर त्याची पातळी शंभर पटींपर्यंत चढू शकते. फरक असा की ही चढ काही तासांत ओसरते आणि तिच्या पाठोपाठ इंटरल्यूकिन-१० आणि इंटरल्यूकिन-१ ला लगाम घालणारे ते प्रथिन वाढते, म्हणजे परिणाम दाह शमवणारा होतो. चरबीतून येणारे इंटरल्यूकिन-६ रात्रंदिवस थोडेथोडे पाझरत राहते आणि त्याच्या जोडीला टीएनएफ-अल्फाही असते. प्रथिन एकच, पण सोबत वेगळी आणि वेळ वेगळी.

याचा पुरावाही आहे. २०१९ साली कोपनहेगनमध्ये पोट सुटलेल्या प्रौढांना १२ आठवडे सायकलीचा व्यायाम देण्यात आला. त्यांतील काहींना इंटरल्यूकिन-६ चा ग्राहक अडवणारे टोसिलिझुमॅब दिले होते. ज्यांना ते दिले नव्हते त्यांची पोटातील चरबी व्यायामाने घटली. ज्यांना दिले त्यांची घटली नाही. स्नायूतून निघालेला हा निरोप चरबीला पोहोचावा लागतो, असा त्याचा अर्थ. टोसिलिझुमॅब हे संधिवाताचे औषध आहे आणि ते घेणाऱ्या कोणा वाचकाने हे वाचून परस्पर बंद करू नये, एवढे इथे स्पष्ट केले पाहिजे.

पहाटेचे चालणे सोडू नये. फेरी संपल्यावर मिसळीच्या गाडीशी होणारा थांबा मात्र रोजचा असेल तर तो आठवड्यातून एकदाच ठेवावा; दोन किलोंचे रहस्य तिथे असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

प्रश्न : दोनदा १५ किलो वजन कमी केले आणि दोन्ही वेळा ते परत आले, तेही आधीपेक्षा लवकर. यात माझाच आळस आहे की आणखी काही? हल्ली निघालेली वजनाची इंजेक्शने घ्यावीत का? — एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : केवळ आळस म्हणून स्वतःला बोल लावू नये. २०२४ साली झुरिकच्या संशोधकांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींची मेदऊती शस्त्रक्रियेच्या वेळी आणि दोन वर्षांनंतर तपासली. वजन पुष्कळ उतरूनही ऊतीतील अनेक जनुकांचे वर्तन लठ्ठपणाच्या काळातलेच राहिले होते. उंदरांत तर जनुकांवरील रासायनिक खुणा तशाच टिकून होत्या, आणि पूर्वी लठ्ठ असलेले उंदीर पुन्हा स्निग्ध आहारावर ठेवताच इतरांपेक्षा लवकर जाड झाले. म्हणून वजन उतरवण्याइतकाच, किंबहुना अधिक, काळ ते टिकवण्यासाठी राखून ठेवावा लागतो, आणि झपाट्याने १५ किलो उतरवण्यापेक्षा सावकाश ७ किलो उतरवून ते दोन वर्षे टिकवणे मी अधिक मोलाचे मानतो.

इंजेक्शनांविषयी : सेमाग्लुटाईडच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या सिलेक्ट या चाचणीत हृदयविकार असलेल्या, वजन जास्त असलेल्या पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ व्यक्तींचा समावेश होता. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटले, आणि सीआरपीही खाली आला. हे औषध एखाद्या दाहक प्रथिनाला थेट अडवणारे नाही. भूक कमी करून ते पेशींवरचा भारच हलका करते, आणि त्याखेरीज त्याचा दाहावर आणखी काही परिणाम होतो का यावर अभ्यास चालू आहे. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे त्रास नेहमीचे आहेत, स्नायूही घटतात, आणि इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांचे वजन पुष्कळ अंशी परत येते. ते घ्यायचे की नाही हे आपला बॉडी मास इंडेक्स, साखर, हृदयाची स्थिती आणि खिसा पाहून आपल्या डॉक्टरांसमवेत ठरवावे. ओळखीच्या दुकानातून परस्पर आणून टोचून घेऊ नये.

प्रश्न : दाह मोजण्यासाठी सीआरपी तपासणी किती दिवसांनी करावी? — अनेक वाचक

उत्तर : दर महिन्याला तर नकोच. हृदयाच्या धोक्याचा अंदाज घेण्यासाठी अतिसंवेदनशील सीआरपी मागतात. लिटरला १ मिलिग्रॅमहून कमी म्हणजे धोका कमी, १ ते ३ म्हणजे मध्यम, आणि ३ च्या वर म्हणजे जास्त, असे ठोकताळे आहेत. आकडा १० च्या पुढे गेला तर तो चरबीच्या माथी न मारता आधी संसर्ग किंवा इजा शोधावी आणि दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. हा आकडा दाह आहे एवढे सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही. हिरड्या सुजल्या असल्या तरी तो वाढतो. त्यामुळे तपासणीच्या आधीच्या पंधरवड्यात सर्दी-ताप आला असेल, दात काढला असेल किंवा पायाला मोठी ठेच लागली असेल तर रक्त देण्याची तारीख पुढे ढकलावी.